दारातच अडवलेले एक मत

मी बावीस वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. दोन महायुद्धांमधल्या काळाचा धडा आला की फळ्यावर दरवर्षी एकच वाक्य लिहीत असे : ‘१९३३ साली हिटलरने जर्मनीची सत्ता बळकावली.’ मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत जसेच्या तसे लिहीत आणि मीही त्यांना पूर्ण गुण देत असे. बळकावणे हे क्रियापद आपण बांध कोरून शेजाऱ्याची जमीन घेणाऱ्यासाठी वापरतो. त्यात मालक झोपलेला तरी असतो किंवा दुबळा तरी, आणि घेणाऱ्याला कोणी काही दिलेले नसते. हे क्रियापद मी चुकीचे शिकवत होते, हे निवृत्तीनंतर, मुलीकडे बर्लिनला राहायला गेल्यावर माझ्या लक्षात आले आणि तेव्हापासून ती चूक मनाला लागून राहिली आहे.

जर्मन संसदेच्या, म्हणजे राइशटागच्या, भव्य इमारतीसमोर एका बाजूला काळसर धातूच्या पट्ट्या एकीला एक लावून ओळीने उभ्या केल्या आहेत. काचेचा घुमट पाहायला निघालेल्या गर्दीचे त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. माझेही गेले नसते, पण गुडघेदुखीमुळे मी रांगेतून बाहेर पडून टेकायला जागा शोधत होते. जवळ गेल्यावर दिसले, की प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेवर एक नाव आहे आणि त्यापुढे पक्ष, मृत्यूचे वर्ष आणि मृत्यूचे ठिकाण. एकूण ९६ पट्ट्या. नाझींनी ठार मारलेल्या ९६ लोकप्रतिनिधींचे हे स्मारक १९९२ साली उभारले गेले. छळछावण्यांची नावे मला वाचून ठाऊक होती, पण तिथे मेलेली माणसे समोरच्याच इमारतीत मतांनी निवडून आलेली होती, हे माझ्या मनात कधीच आले नव्हते. त्या दिवशी मी घुमटावर गेले नाही. पुढची तीन-चार वर्षे मात्र ही माणसे त्या इमारतीतून या पट्ट्यांपर्यंत कशी आली, हे वाचण्यात गेली.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर सम्राट देश सोडून गेला आणि १९१९ साली वायमार या गावात भरलेल्या सभेने जर्मनीला नवी राज्यघटना दिली. ती दुबळी घटना होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला तिने मताधिकार दिला, मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा दिल्या आणि नागरिकांच्या हक्कांची विस्तृत यादी दिली. त्याच घटनेत ४८वे कलम होते. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने आवश्यक ते उपाय योजावेत, लष्कराची मदत घ्यावी आणि काही मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत, असा त्याचा आशय होता. घटनाकारांचा हेतू वाईट नव्हता, कारण रस्त्यांवर खरोखरच गोळीबार चालू होता. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट हे समाजवादी लोकशाही पक्षाचे होते आणि प्रजासत्ताकावर त्यांची निष्ठा होती. त्यांनी हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले, बहुतेकदा प्रजासत्ताक वाचवण्यासाठीच. मला या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. जे हत्यार पुढे प्रजासत्ताकाच्या गळ्यावर आले, ते हाताळण्याचा सराव त्याच्या मित्रांनीच करून ठेवला होता.

१९२३ची कथा आपल्याला बहुधा चलनफुगवट्यामुळे आठवते. त्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते आणि आयुष्यभराच्या बचतीत पाव विकत घेता येत नव्हता. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये सशस्त्र उठाव केला. तेव्हा त्याने सत्ता बळकावण्याचाच प्रयत्न केला होता आणि तो एका दिवसात फसला. चार पोलीस मारले गेले. तो देशद्रोहाचा गुन्हा होता आणि आरोपी जर्मनीचा नागरिकही नव्हता. परदेशी गुन्हेगाराला हद्दपार करण्याची तरतूद कायद्यात होती, परंतु न्यायाधीशांना या आरोपीच्या देशप्रेमाचे कौतुक वाटत होते. त्यांनी त्याला न्यायालयात तासन् तास भाषणे करू दिली, पाच वर्षांची शिक्षा देऊन लवकर सुटकेची वाट मोकळी ठेवली, आणि शिक्षा सुनावल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, डिसेंबर १९२४मध्ये, तो बाहेर आला. बंदुकीने सत्ता मिळत नाही एवढा धडा तो तुरुंगात शिकला. न्यायासनावरची माणसे मात्र काहीच शिकली नाहीत.

यानंतर काही वर्षे बरी गेली. मे १९२८च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. लोकशाही कोसळते तेव्हा जनतेने वेडेपणा केला असे म्हणण्याची आपल्याला घाई असते, म्हणून हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. त्या मतदाराने तोपर्यंत महायुद्ध, पराभव, अपमानाचा तह आणि बचतीची राख हे सगळे पाहिलेले होते, तरीही शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी या पक्षाला नाकारले होते.

मग १९२९ची मंदी आली, अमेरिकेतून आलेली कर्जे परत मागितली जाऊ लागली, कारखाने बंद पडू लागले. तरीही पहिला तडा रस्त्यावर गेला नाही, तो मंत्रिमंडळाच्या बैठकीत गेला. मार्च १९३०मध्ये संसदेत बहुमत असलेले शेवटचे सरकार पडले, आणि ते पडले बेकारी विम्याची वर्गणी अर्ध्या टक्क्याने वाढवावी की नाही या वादावरून. एका बाजूला उद्योगपतींचा पक्ष होता, दुसऱ्या बाजूला कामगार संघटनांच्या दबावाखालचे समाजवादी होते, आणि दोघांनाही आपले म्हणणे रास्त वाटत होते. माघार घेतली तर आपला मतदार काय म्हणेल, या चिंतेत त्यांनी सरकार सोडले. आपण लोकशाहीतील शेवटचे बहुमत मोडत आहोत, हे त्या खोलीतील कोणालाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर वृद्ध राष्ट्राध्यक्ष, माजी सेनापती पाउल फॉन हिंडेनबुर्ग यांनी हाइनरिश ब्रूनिंग यांना चॅन्सलर नेमले. ब्रूनिंग हे कॅथलिकांच्या केंद्र पक्षाचे, काटकसरी आणि प्रामाणिक गृहस्थ होते. जुलै १९३०मध्ये संसदेने त्यांचा अर्थसंकल्प फेटाळला. त्यांनी तोच ४८व्या कलमाखाली अध्यादेश म्हणून जारी केला. संसदेने आपला अधिकार वापरून तो अध्यादेश रद्द केला, तेव्हा संसदच विसर्जित करण्यात आली. सप्टेंबरच्या निवडणुकीत हिटलरचा पक्ष १२ जागांवरून १०७ जागांवर गेला.

माझे सर्वांत जास्त वाचन या टप्प्याभोवतीच झाले. १९३० ते १९३२ या काळात जर्मनीत हुकूमशहा नव्हता. वृत्तपत्रे निघत होती, पक्ष होते, निवडणुका तर गरजेपेक्षा जास्त होत होत्या. फक्त संसद हळूहळू अनावश्यक होत गेली. १९३२ या पूर्ण वर्षात संसदेने केवळ ५ कायदे केले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीने निघालेले अध्यादेश त्याच्या दहापटीहून अधिक होते. पगारकपात, करवाढ, सभाबंदी सारे काही अध्यादेशानेच होत होते. हिटलर येऊ नये म्हणून समाजवाद्यांनी हे मुकाट्याने सहन केले, आणि त्या वेळी त्यांच्यापुढे याहून बरा पर्याय होता असे मलाही ठामपणे म्हणता येत नाही. पण रोजचा कारभार संसदेवाचून चालतो, सभागृहात नुसती भांडणे होतात आणि कामे वरच्या एका सहीने होतात, याची सवय साठ लाख बेकारांच्या त्या देशाला तीन वर्षांत लागली. वापरात नसलेल्या वाड्याला आधी वाळवी लागते आणि भिंत पुढे एखाद्या पावसात पडते. पडल्यावर लोक पावसालाच दोष देतात.

मे १९३२च्या अखेरीस हिंडेनबुर्ग यांनी ब्रूनिंग यांनाही दूर केले आणि फ्रान्झ फॉन पापेन या उमरावाला चॅन्सलर केले. पापेन यांच्यामागे संसदेत जवळजवळ कोणीच नव्हते. एप्रिलमध्ये हिटलरच्या तपकिरी गणवेशातील टोळ्यांवर घातलेली बंदी त्यांनी जूनमध्ये उठवली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत रस्त्यांवर मुडदे पडू लागले. मग त्याच अशांततेचे कारण दाखवून २० जुलैला त्यांनी प्रशियाचे राज्य सरकार एका अध्यादेशाने बरखास्त केले. देशातील सुमारे तीन-पंचमांश लोक त्या राज्यात राहत होते. तिथले सरकार समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचे होते, त्याचे पोलीस दल देशात सर्वांत मोठे होते आणि प्रजासत्ताकाचा शेवटचा भक्कम बुरूज म्हणून लोक त्याच्याकडे पाहत. मंत्र्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि कार्यालये सोडली. एकही गोळी सुटली नाही. सहा महिन्यांनंतर त्याच पोलीस दलाची सूत्रे हेर्मान गोअरिंगच्या हातात गेली आणि तपकिरी गणवेशवाल्यांना दंडावर पांढरी पट्टी बांधून साहाय्यक पोलीस करण्यात आले.

जुलै १९३२च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला ३७ टक्के मते पडली. हा त्याचा मुक्त निवडणुकीतला कळस होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा पक्षाची सुमारे वीस लाख मते आणि ३४ जागा घटल्या. तिजोरी रिकामी झाली होती, पक्षात दुही माजली होती आणि अनेक वृत्तपत्रांनी धोका टळला असे लिहिले. ज्या माणसाला जनता नाकारू लागली होती, त्याला आता चौघा-पाच जणांनी उचलून खुर्चीवर बसवले.

जानेवारी १९३३मधल्या हालचाली मी नकाशावर बोट ठेवून पाहिल्या आहेत. ४ जानेवारीला कोलोन शहरात एका बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले. पापेन यांना आपल्या जागी बसलेल्या कुर्ट फॉन श्लायशर यांना पाडायचे होते. २२ जानेवारीच्या रात्री बर्लिनच्या डालेम भागातील एका घरात राष्ट्राध्यक्षांचा मुलगा ओस्कार हिटलरला एकांतात भेटला. ३० जानेवारीला सकाळी पंच्याऐंशी वर्षांच्या हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सलरपदाची शपथ दिली. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तिघे होते. बाकी सारे उमराव, अधिकारी आणि जुन्या राष्ट्रवादी पक्षाचे पुढारी होते आणि पापेन स्वतः उपचॅन्सलर होते. शंका घेणाऱ्यांना त्यांनी सांगितले, की याला आपण कामावर ठेवला आहे आणि दोन महिन्यांत कोपऱ्यात असा दाबू की तो किंचाळेल. हे बोलणारा माणूस मूर्ख नव्हता. गर्दी त्याची, अक्कल आपली, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या वर्गाने पिढ्यान् पिढ्या राज्य केले आहे तेव्हा हा भाडोत्री माणूस आपल्याच लगामात चालेल, याची त्यांना खात्री होती.

२७ फेब्रुवारीच्या रात्री राइशटागला आग लागली. मारिनुस फान डेर लुब्बे हा तरुण डच कामगार आत सापडला. दुसऱ्याच दिवशी हिंडेनबुर्ग यांनी ४८व्या कलमाखाली एका अध्यादेशावर सही केली आणि व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, वृत्तपत्रे, सभा, संघटना, टपालाची गुप्तता, घराची आणि मालमत्तेची सुरक्षितता हे सगळे हक्क पुढील आदेशापर्यंत स्थगित झाले. तो पुढील आदेश नाझी राजवट संपेपर्यंत निघाला नाही. ५ मार्चला निवडणूक झाली. हजारो विरोधक तुरुंगात होते, साम्यवादी पुढारी पकडले गेले होते, नभोवाणी सरकारच्या ताब्यात होती. इतके असूनही हिटलरच्या पक्षाला ४३.९ टक्केच मते मिळाली. निम्म्याहून अधिक जर्मन मतदारांनी त्या दहशतीतही दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते.

घटना बाजूला सारणारा कायदा करायला संसदेत दोन-तृतीयांश मते हवी होती. त्यासाठी २३ मार्च १९३३ ही तारीख ठरली. जळालेल्या इमारतीऐवजी संसद समोरच्याच क्रोल नाट्यगृहात भरली. व्यासपीठामागे भलेमोठे स्वस्तिकचिन्ह होते, मार्गिकांत आणि भिंतींलगत गणवेशातील माणसे उभी होती, बाहेर जमाव घोषणा देत होता. साम्यवाद्यांच्या ८१ सदस्यांना आत येऊच दिले नाही. विनापरवानगी गैरहजर राहणारा सदस्य हजर धरला जाईल, असा नियम त्याच दिवशी करून घेतला, म्हणजे सभात्याग करूनही गणसंख्या मोडता येऊ नये. विधेयक पाच कलमांचे होते. त्याचा गाभा एवढाच, की यापुढे चार वर्षे मंत्रिमंडळ स्वतःच कायदे करील, ते घटनेच्या विरुद्ध असले तरी.

केंद्र पक्ष आणि त्याचा बव्हेरियातील भगिनी पक्ष यांनी मिळून नकार दिला असता तर दोन-तृतीयांशांचा आकडा गाठणे कठीण होते. केंद्र पक्षाचे अध्यक्ष लुडविग कास हे धर्मगुरू होते. चर्चच्या आणि शाळांच्या हक्कांना धक्का लावणार नाही असे हिटलरने त्यांना तोंडी सांगितले होते आणि तसे पत्रही मिळणार होते. पक्षाच्या बैठकीत ब्रूनिंग यांनी विरोध केला, वाद झाला, आणि अखेर पक्ष फुटू नये म्हणून सर्वांनी होकार द्यायचे ठरले. मतदानाची वेळ आली तरी पत्र आले नव्हते, आणि ते कधीच आले नाही. उदारमतवाद्यांचे पाचच सदस्य उरले होते. त्यांत थेओडोर हॉयस होते, पुढे १९४९ साली पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांचे मन नकाराकडे होते, तरी सहकाऱ्यांबरोबर त्यांनीही होकाराचे मत दिले. या माणसांना भ्याड म्हणायला माझी जीभ उचलत नाही. बाहेर जमाव होता, घरी मुलेबाळे होती, आणि आपण होकार दिला तर निदान काही वाचवता येईल अशी आशा होती. निदान काही वाचवण्यासाठी दिलेल्या त्या होकारांनीच वाचवण्यासारखे सारे नष्ट करण्याचा अधिकार कायदेशीर झाला.

बोलायला एकच विरोधक उठला. समाजवादी लोकशाही पक्षाचे अध्यक्ष ओट्टो वेल्स त्या हॉलमध्ये म्हणाले : आमचे स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही घेऊ शकता, आमची अब्रू नाही. त्यांच्या पक्षाचे १२० सदस्य निवडून आले होते, पण काही तुरुंगात होते, काही पळाले होते, काही आजारी होते. ९४ हजर होते आणि त्या सर्वांनी नकाराचे मत दिले. निकाल लागला ४४४ विरुद्ध ९४. जुलैच्या मध्यापर्यंत देशात एकच पक्ष उरला. पुढच्या वर्षी ३० जूनला श्लायशर यांना पत्नीसह त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या गेल्या. पापेन यांच्या कार्यालयातली माणसे मारली गेली आणि ते स्वतः नजरकैदेत गेले. कोपऱ्यात दाबण्याचे दोन महिने केव्हाच उलटून गेले होते.

हे सगळे वाचत असताना आपली संविधान सभा माझ्यासमोर सतत उभी राहत होती आणि त्याला कारण आहे. आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची आपली तरतूद वायमारच्या घटनेशी नाते सांगते. ऑगस्ट १९४९मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले सदस्य ह. वि. कामत यांनी सभागृहात नेमके त्या ४८व्या कलमाचे नाव घेऊन, हिटलर त्याच वाटेने आला याची आठवण दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी बॉन विद्यापीठात काही काळ नाव नोंदवले होते, म्हणजे ते प्रजासत्ताक त्यांनी जिवंत असताना पाहिले होते. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात त्यांनी सांगितले, की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. कामतांची भीती १९७५ साली आपल्या अनुभवाला आली, आणि आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही ही दुरुस्ती त्यानंतर, १९७८ साली झाली. नागरिकशास्त्राच्या तासाला मी ही कलमे क्रमांकांसह पाठ करून घेत असे. त्यांच्यामागे क्रोल नाट्यगृहातली ती दुपार आहे, हे मी कधीच सांगितले नाही.

त्या ९४ जणांचेही पुढे सोपे झाले नाही. त्याच वर्षी १७ मे रोजी हिटलरने संसदेत शांततेचे भाषण केले, तेव्हा समाजवाद्यांच्या उरलेल्या गटाने त्याच्या परराष्ट्र धोरणाच्या बाजूने मत दिले. तुरुंगातल्या सहकाऱ्यांच्या जिवाचा घोर त्यांना लागला होता. मार्चमध्ये नकार देणाऱ्या टोनी फ्युल्फ या शिक्षिका-सदस्याला हे सहन झाले नाही. त्या मतदानाला गेल्या नाहीत, आणि जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. वेल्स परदेशी गेले आणि महायुद्ध सुरू झाले त्या महिन्यात पॅरिसमध्ये वारले.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या पट्ट्यांपाशी गेले. या वेळी मी एकच नाव शोधत होते, युलियुस लेबर. ते ल्युबेकचे समाजवादी सदस्य, वृत्तपत्राचे संपादक. २३ मार्चला मतदानासाठी ते क्रोल नाट्यगृहाकडे आले आणि त्यांना तिथेच अटक झाली, म्हणून ९४च्या आकड्यात त्यांचे मत नाही. त्यांनी चार वर्षे तुरुंगात आणि छळछावणीत काढली. सुटल्यावर बर्लिनमध्ये कोळशाच्या व्यापारात राहून ते हिटलरविरोधी कटात सामील झाले, आणि ५ जानेवारी १९४५ रोजी, युद्ध संपायला चार महिने उरले असताना, त्यांना प्लोत्सेनझे तुरुंगात फाशी देण्यात आले. नाव सापडले तेव्हा पट्टीच्या कडेवर बर्फ साचले होते. मी ते हातमोज्याने बाजूला केले आणि पक्ष, वर्ष आणि ठिकाण पुन्हा एकदा वाचले.